वेनबरीची वहिवाट

१

त्या सोमवारी थेल्मा ट्रँटर इतकी खुशीत होती की टोस्ट जळून कोळसा झाला तरी तिला पत्ता नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बावीस अर्ज पसरले होते आणि बावीसच्या बावीस सुरेख भरलेले होते. लोकांनी अर्ज असे मन लावून भरलेले तिने जन्मात पाहिले नव्हते. थेल्मा शाळेतल्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, वय अडुसष्ट, आणि वेनबरी गावाच्या पायवाट समितीची तीस वर्षांची सचिव. या तीस वर्षांत समितीने तीन वाटा गमावल्या होत्या. एक डुकरांच्या फार्मात गेली, एक गोल्फच्या मैदानात, आणि तिसरीवर एका बड्या माणसाचा पोहण्याचा तलाव झाला. जिंकलेली वाट एकही नव्हती. ही चौथी. ही मात्र ती सोडणार नव्हती.

डोंगरमाथ्यावरच्या कावळेरानातून निघून, सहा शेतं ओलांडून, ही वाट थेल्माच्या परसदाराच्या फाटकात उतरायची आणि तिच्या घराच्या कडेने गावच्या रस्त्याला लागायची. कायदा सरळ होता. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेने उघडपणे, कुणाची परवानगी न घेता चालत राहिले आणि कुणी त्यांना हरकत घेतली नाही, तर ती वाट लोकांची. मग मालकाने कितीही आदळआपट केली तरी ती बंद करता येत नाही. शेवटची तीस पावलं जमीन थेल्माची स्वतःची होती, म्हणून तिला जास्तच जपावं लागे. कुणी परसातून आलं की ती चटकन खिडकीपासून बाजूला व्हायची. बोलावलं तर परवानगी ठरते आणि हटकलं तर हरकत. वीस वर्षं बिचारीने आपल्याच परसात तोंड शिवून काढली होती.

वीस वर्षं गुरुवारी पुरी होत होती. गुरुवारीच अकरा वाजता काउंटीची, म्हणजे जिल्हा कारभाराची, अधिकारी पाहणीला येणार होती.

"अगं, घराला आग लावतेस की काय?" शेजारचा डेस पुघ खोकत आत आला. जन्मभर बस चालवलेला माणूस, समितीचा खजिनदार आणि थेल्माचा चालण्यातला जोडीदार. त्याने टोस्टरची वायर ओढली.

"डेस, अकरावा प्रश्न वाच. मोठ्याने वाच!"

"'वाटेवर मालक, मालकाचा गडी किंवा इतर कुणी भेटलं का? त्यांनी अडवलं का?'" डेसने चष्मा वर केला. "'हो. कुंपण ओलांडायची पायरी बसवणारा एक माणूस. पाठमोरा. अडवलं नाही.' बरं, मग?"

"आता दुसरा वाच. तिसरा वाच! सतरा जणांनी तेच लिहिलंय. तूसुद्धा लिहिलंयस. अरे, मालकाचा वकील म्हणतोय ना, की लोक चोरून चालत होते, शेतावर कुणाला खबरच नव्हती? हा गडी तर सगळ्यांना बघत होता! तो सापडला, त्याची एक सही मिळाली, की खटला आपल्या खिशात."

"सतरा जणांना एकच माणूस भेटला? वीस वर्षांत?"

"कामसू असेल. तुझ्यासारखे सगळेच नसतात."

२

पहिला अर्ज बेडोजबाईंचा होता. वय एक्क्याण्णव, पण जीभ कात्रीसारखी. पोस्टाशेजारच्या घरात त्या खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे कपडे बघत.

"बेडोजबाई, तो पायरीवाला आठवतोय का तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? गुडघे गेलेत माझे, डोकं जागेवर आहे. रानाच्या तोंडाशी, पहिल्याच कुंपणात ठोकत बसला होता. हॉस्किन्सच्या शेतावरचा गडी असणार, दुसरं कोण? मी म्हटलं, चालू दे बाबा तुझं. तो बाजूला सरकला. मी ओलांडून गेले."

"चेहरा?"

"पाठ होती माझ्याकडे. रुंद पाठ. गंमत म्हणजे मी पार खाली गेले तरी तो तसाच बाजूला सरकून उभा. मला वाटलं, माझ्यामागे कुणी येत असेल."

"येत होतं?"

"मी कशाला बघायला थांबू? केक ओव्हनमध्ये होता." बेडोजबाईंनी बिस्किट चहात बुडवलं. "ती 'वाट नाही'ची पाटी तूच उपटलीस ना गं?"

"मीच!" थेल्माची मान ताठ झाली. शेताचा जुना मालक, म्हातारा हॉस्किन्स, जिवंत असेतो दरवर्षी ती पाटी रंगवायचा, म्हणून आधीची वर्षं मोजता येत नव्हती. त्याचं मर्तिक झालं आणि दुसऱ्याच दिवशी थेल्माने ती मुळासकट काढली. वीस वर्षांची मोजणी त्या दिवसापासून होती. "नऊ मे. एकटीने उपटली."

"बरं केलंस. पण मला ती पाटी कधी उमगलीच नाही. गावातून वर जाणाऱ्याला नुसती कोरी फळी दिसायची. अक्षरं पलीकडून होती, रानाच्या बाजूला. तिथे वाचणार कोण, ससे?"

थेल्मा इतकी हसली की तिला ठसका लागला. हॉस्किन्स विक्षिप्तच होता, सगळ्या गावाला ठाऊक होतं. चालताचालता मात्र तिच्या मनात आलं की हॉस्किन्स विक्षिप्त असेल, पण वेंधळा नव्हता. चाळीस वर्षं त्याने पाटी उलटी कशी लावली असेल? मग समोरून ओळखीचं कुणी आलं आणि गडी शोधायच्या नादात ती ते विसरून गेली.

३

शेताचा नवा मालक हॅलम हा लंडनहून आलेला, गोरापान, बूट अजून कोरे. भांडण होतं तरी त्याने चहा दिला. असली भांडणं चहा घेऊनच करायची असतात.

"मिसेस ट्रँटर, माझ्याकडे गडीच नाही हो. मेंढ्या बघायला एक बाई येते आणि ती हातोड्याला हातही लावत नाही."

"मग हॉस्किन्सचा कुणी?"

"त्याच्या मुलीने शेत विकताना सांगितलं, बाबा एकटेच राबायचे. का हो?"

"त्या पायऱ्या बसवल्या कुणी, ते हवंय मला. कुंपणातल्या सहा."

हॅलमने कप खाली ठेवला. "हे बघा, मी सभ्यपणे गप्प बसलो होतो. न विचारता न पुसता माझ्या कुंपणात सहा पायऱ्या बसवल्यात तुमच्या समितीने, आणि वर मलाच विचारता?"

"आम्ही? पायऱ्या बसवणं मालकाचं काम असतं! आम्ही तर दरवर्षी वार्षिक सभेत पायऱ्यांबद्दल शेतमालकांच्या आभाराचा ठराव करतो."

"आभार? मला एकदाही कळवले नाहीत."

"कळवायचं डेसकडे होतं," थेल्मा ओशाळून म्हणाली.

वीस वर्षं या घराला वाटत होतं की पायऱ्या गावाने बसवल्या आणि गावाला वाटत होतं की या घराने. विचारायला कुणी गेलं नव्हतं. कशाला उगाच कुणाच्या कामात नाक खुपसा?

"म्हणजे तो कुणाचाच माणूस नाही," हॅलम म्हणाला.

"म्हणजे तो तटस्थ साक्षीदार!" थेल्मा ताडकन उठली. हॅलमचा चेहरा का उतरला ते तिला कळलं नाही, तिला वाटलं खटला हरणार म्हणून.

४

मंगळवारी संध्याकाळी तिने भिंतीएवढा नकाशा टेबलावर अंथरला. अर्जात प्रत्येकाने तो माणूस जिथे दिसला तिथे फुली केली होती. तिने एकेक फुली टाचणीने मोठ्या नकाशावर उतरवली आणि टाचणीला साल लिहिलेली चिठ्ठी लावली. मे महिन्याचा उजेड खिडकीत रेंगाळत होता, बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. थेल्मा गुणगुणत होती.

आठव्या टाचणीला तिचं गुणगुणणं थांबलं.

पहिल्या तीन वर्षांतल्या सगळ्या टाचण्या पहिल्या कुंपणात होत्या. पुढच्या तीन वर्षांतल्या दुसऱ्यात. मग तिसऱ्यात. एकही मागे नाही, एकही इकडेतिकडे नाही. डेसला तो गेल्या महिन्यात दिसला होता, त्याची फुली सहाव्या कुंपणात होती, गावाला अगदी लागून.

'शिस्तीचा माणूस आहे,' तिने स्वतःला समजावलं. वरून काम सुरू केलं की खाली यायचंच. कुणीही असंच करेल. पण एक पायरी बसवायला अर्धा दिवस लागतो, हे तिला चांगलं माहीत होतं. तीन वर्षं कसली लागतात?

आणखी एक गोष्ट होती. वाट शेवटच्या शेतात वळसा घेऊन तिच्या फाटकाकडे यायची. टाचण्या वळत नव्हत्या. तिने पट्टी लावली तेव्हा सहाही कुंपणं एका रेषेत आली. तिने पट्टी पुढे सरकवली. पट्टी तिच्या परसातल्या कुंपणावरून गेली, गवतावरून गेली आणि चहाच्या कपाला अडली. तिने कप उचलला. कपाखाली तिचं घर होतं, आणि रेषा स्वयंपाकघराच्या दारात घुसत होती.

समोरच ते दार होतं. मग तिने पट्टी खणात टाकली आणि डेसला फोन लावला. "उद्या सकाळची बस पकडू. वरून खाली चालत येऊ. गाठूच त्याला!"

५

बुधवारी हवा अशी सुंदर होती की डेससुद्धा कुरकुरला नाही. हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांचं कुंपण पांढऱ्या फुलांनी लगडलं होतं. बसमधून माथ्यावर उतरून ते कावळेरानात शिरले. रानात मात्र एकही कावळा नव्हता. रान संपलं तिथे पहिली पायरी होती. ओकच्या लाकडाची, मजबूत, दोन फळ्यांची.

"काम बघ काय सुबक आहे," थेल्मा म्हणाली आणि पलीकडे उतरताना धडपडली. पलीकडून खाली उतरायला फळी नव्हती. गवतात उडी मारावी लागली.

"दरवेळी हेच होतं," डेस म्हणाला. मग आपला थर्मास मागे राहिला म्हणून तो परत वळला आणि कुंपणाशी अडून बसला. "थेल्मा! अगं, इकडून चढायला पायरीच नाही की!"

ती परत आली. खरंच नव्हती. दुसऱ्या कुंपणातही नव्हती, तिसऱ्यातही नव्हती. सहाही पायऱ्या फक्त रानाच्या बाजूने होत्या. समिती कायम बसने वर जायची आणि चालत खाली यायची, त्यामुळे वीस वर्षांत ते कुणाच्या नजरेत आलं नव्हतं.

सहावी पायरी कालपरवाची वाटत होती. लाकूड पिवळंधमक, ताज्या सालीचा वास येत होता. पण फळी मधोमध बोटभर खोल झिजली होती. देवळाचा नाहीतर चर्चचा उंबरा शेकडो वर्षांनी झिजतो, तशी.

"गेल्या महिन्यात ही झिजलेली नव्हती," डेस हळूच म्हणाला. "मी यावर बसून सँडविच खाल्लं होतं."

तेवढ्यात खालून आवाज आला. ठक्. ठक्. ठक्. लाकडी मोगरीचा, शांत, एका लयीत. दोघांनी खाली पाहिलं. थेल्माच्या परसाच्या कुंपणात एक रुंद पाठ वाकलेली होती.

"डेस! तोच तो!" भीती वाटायच्या आधी थेल्मा धावत सुटली होती. अडुसष्टाव्या वर्षी ती उतारावरून पोरीसारखी धावली, हातात कोरा अर्ज फडफडत होता. "अहो! एक मिनिट! फक्त एक सही हवीय!"

मधल्या खोलगट भागात तिला काही क्षण कुंपण दिसलं नाही. वर आली तेव्हा पाठ नव्हती. तिच्या स्वतःच्या कुंपणात नवी पायरी होती. तिने फळीवर हात ठेवला. फळी गरम होती. तिने वाकून कुंपणातून आत पाहिलं. पलीकडे, घराच्या बाजूने, उतरायला काही नव्हतं.

डेस धापा टाकत पोचला. त्याने पायरी पाहिली, मग घराकडे पाहिलं.

"ती पाटी कुठेय?" त्याने विचारलं.

"माझ्या शेडमध्ये. का?"

"आण. आत्ता लाव इथे. रानाकडे तोंड करून."

"वेड लागलं का तुला? उद्या वीस वर्षं भरतात! माझ्या जमिनीत मीच 'वाट नाही' म्हटलं तर झालंच की. तीस वर्षांवर पाणी. हॅलम कुंपण घालील आणि पुन्हा कुणी वर पाऊल टाकू शकणार नाही."

"आपण वीस वर्षं चाललो, तसंच तेही चाललंय, थेल्मा. उघडपणे. कुणाला न विचारता. आणि आपण काय केलं? मान हलवली आणि पुढे गेलो. कुणी विचारलं नाही, बाबा रे, तू कोण, कशाला आलास?"

"तो नुसता पायऱ्या बसवतो."

"मग झिजवतंय कोण?"

थेल्मा शेडमध्ये गेली. पाटी कोळ्याच्या जाळ्यात होती, अक्षरं अजून स्पष्ट. पाटी उचलून ती कुंपणापर्यंत आलीसुद्धा. फक्त खुंटी ठोकायची होती. तिला बावीस अर्ज आठवले, गेलेल्या तीन वाटा आठवल्या, आणि समितीला हसणारे सगळे चेहरे. उद्या अकरा वाजेपर्यंत थांबू, तिने ठरवलं. सही झाली की लगेच लावू. एकदा हक्क लागला की तो कुणालाच, कधीच अडवता येत नाही, हे तिच्याइतकं त्या गावात कुणालाही माहीत नव्हतं. तरी तिने पाटी परत नेऊन ठेवली.

६

अधिकारी तरुण होती, चुणचुणीत. बसने माथ्यावर जाऊन सहा शेतं तिने पाऊण तासात पालथी घातली. खाली आली तेव्हा गालावर लाली होती. "इतकी स्पष्ट वाट मी कुठे पाहिली नाही! गवत कसं आडवं झालंय. बरेच लोक चालतात वाटतं."

"पुष्कळ," थेल्मा म्हणाली.

परसातल्या बाकावर कागद मांडले गेले. डेस घराच्या कडेच्या बोळात उभा होता, हात खिशात.

"मिसेस ट्रँटर, शेवटचा प्रश्न. या तुकड्याच्या मालक म्हणून, गेल्या वीस वर्षांत तुम्ही या वाटेने येणाऱ्या कुणाला हटकलंत? पाटी, कुलूप, तोंडी शब्द, काहीही?"

मेंढ्या ओरडायच्या थांबल्या होत्या. थेल्माने कुंपणाकडे पाहिलं. डेस तिच्याकडे बघून मान हलवत होता, सांग, सांग. एक वाक्य पुरलं असतं. नाही, ही वाट मला मान्य नाही. वाट गेली असती, एवढंच.

"कुणालाच नाही," थेल्मा म्हणाली. "कधीच नाही."

अधिकारीबाईने लिहिलं, सही केली आणि हसून हात पुढे केला. "अभिनंदन. बाकी सोपस्कार आहेत, पण माझ्या मते वाट सिद्ध झाली."

थेल्माच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने त्या पोरीला मिठी मारली. जिंकलो! तीस वर्षांनी जिंकलो! गाडी निघून गेली तेव्हा ती रस्त्यावर उभी राहून दोन्ही हात हलवत होती. मग चहा टाकायला घरात पळाली. किटलीत पाणी भरताना तिने सहज खिडकीतून वर पाहिलं.

डोंगरावरून खाली, सरळ रेषेत, गवत आडवं होत येत होतं. वारा नव्हता. पाचवं कुंपण हललं. सहावं हललं. तिच्या कुंपणातली नवी फळी मधोमध वाकली, आणि तिच्यावर काहीतरी उभं राहिलं असावं, कारण मागचा हिरवागार डोंगर काही क्षण तिथे दिसेनासा झाला. मग गवतात धप्पकन आवाज झाला.

तिने ओरडायला तोंड उघडलं. काय ओरडणार? हक्काच्या वाटेत अडथळा आणणं हा गुन्हा आहे, हे तिने आयुष्यभर दुसऱ्यांना सुनावलं होतं. तिचे हात आपोआप कामाला लागले. परसदार आणि पुढचं दार यांच्या मधोमध टेबल होतं, ते तिने कडेला ओढलं. चारही खुर्च्या भिंतीला लावल्या. धावत जाऊन पुढचं दार सताड उघडलं आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. जाऊ दे, सरळ निघून जाऊ दे. रस्त्यावरून सायकलवर जाणाऱ्या एका बाईने तिला हात केला.

परसदाराची कडी वाजली. थंड, ओल्या मातीचा वास आत आला. थेल्माने डोळे गच्च मिटले आणि वाट पाहिली. तिच्या अंगावरून, पुढच्या दारातून, बाहेर कुणीच गेलं नाही.

आत स्वयंपाकघरात एक खुर्ची फरशीवरून खरडत टेबलाशी ओढली गेली.

मग दुसरी.

घराच्या बोळातून डेसचा आवाज येत होता. अरुंद वाटेवर अनोळखी पाहुण्यांशी बोलावं तसा, अतिशय नम्र, थोडा चिरका. "नाही, नाही, आधी तुम्ही जा. हो, तुम्हीही. आणि तुम्ही. बापरे, मुलांनाही आणलंत."